मोरझान देशाचा एकमेव हिरो

सालिमने तेरा फोटो टेबलावर पत्ते मांडावेत तसे मांडले आणि मला विचारलं, "यात काय लिहिलंय?"

मी खरं सांगितलं. म्हटलं, काही नाही.

सालिम हा मस्कतच्या एका सरकारी ऑफिसातला अधिकारी. रस्त्यावरून दिसेल अशी कुठलीही पाटी लावायची, तर तिच्या मजकुरावर त्याचा शिक्का लागायचा. मस्कतच्याच रुवी भागात आमचं साइनबोर्डचं दुकान होतं, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी माझी तिथे फेरी असायची. लाँड्रीची पाटी, टायरवाल्याची पाटी, सोनाराची पाटी. वर अरबी, खाली इंग्रजी, दोन्हींचा अर्थ एक, की खलास, शिक्का पडायचा. माणूस सरळ होता. काळा चहा पाजायचा. लहानपणापासून हिंदी सिनेमे बघून हिंदी फर्डं बोलायचा. पण वाचल्याशिवाय शिक्का मारायचा नाही.

"काही नाही म्हणजे काय?" तो म्हणाला.

"नुसती अक्षरं आहेत. त्यांना अर्थ नाही."

"मग लिहिलंय कशाला?"

मी म्हटलं, सिनेमासाठी. 

नव्वदच्या दशकातली गोष्ट. युरोपातली एक फिल्म कंपनी ओमानमध्ये शूटिंगला आली होती. त्यांच्या सिनेमाची गोष्ट मोरझान नावाच्या देशात घडत होती. असा देश जगात नाही. खऱ्या देशाचं नाव घेतलं की त्यांची एम्बसी पत्र पाठवते, म्हणून त्यांनी देशच नवा काढला. त्यातला नायक पळून एका गल्लीत लपतो आणि त्या गल्लीत एक सिनेमा थिएटर असतं. बरका गावाच्या पुढे एक बंद पडलेली जुनी बाजारपेठ होती, ती त्यांनी या गल्लीसाठी घेतली. आता मोरझानमध्ये थिएटर आहे म्हटल्यावर मोरझानचे स्वतःचे सिनेमे हवेत, आणि सिनेमे आहेत म्हटल्यावर त्यांची पोस्टरं हवीत.

हे काम मार्टिनकडे होतं. मार्टिन म्हणजे त्यांचा आर्ट डायरेक्टर. कॅमेऱ्यापुढे नटांचे चेहरे सोडून जे जे दिसतं, ते सगळं आर्ट डायरेक्टरचं. त्याला हाताने रंगवलेली बारा मोठी पोस्टरं हवी होती. रुवीतल्या बाकीच्या दुकानांत तेव्हा कॉम्प्युटरवर अक्षरं कापायचं मशीन आलं होतं. ब्रश धरणारे उरलो होतो आम्ही दोघं, मी आणि इक्बालभाई. इक्बालभाई रत्नागिरीकडचे. अरबी अक्षर असं काढायचे की खुद्द ओमानी लोक पाटीपुढे उभे राहायचे. इंग्रजी अक्षरं आणि चित्रं माझ्याकडे.

मी नववीतून शाळा सोडली आणि मुंबईत सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या उस्तादाकडे लागलो. छोट्या फोटोवर चौकोन आखायचे, तेवढेच मोठे चौकोन कापडावर आखायचे आणि एकेक चौकोन वाढवत न्यायचा. याला आम्ही ग्राफ म्हणायचो. सात वर्षं ते केलं. शेवटी शेवटी चेहरेसुद्धा मीच काढायचो, पण कोपऱ्यात सही उस्तादाची. मग मस्कतला आलो. इथे पाटीवर पेंटरचं नाव घालायची पद्धत नाही. दुकानही कागदावर माझं नव्हतं. तेव्हा लायसन्स स्थानिक माणसाच्या नावाने असायचं. आमचे अर्बाब म्हणजे मालक, महिन्यातून एकदा यायचे, कॉफी घ्यायचे, सगळं ठीक ना विचारायचे आणि जायचे. भला माणूस. लेटरहेड त्यांचं, शिक्का त्यांचा. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, तो नियम माहीत असूनच आम्ही आलो होतो. पण वीस वर्षं दुसऱ्यांची नावं रंगवून माझं स्वतःचं नाव कुठेही लिहिलेलं नव्हतं, हे मला डाचत होतं.

म्हणून मार्टिनने भाव विचारला तेव्हा मी भाव सांगितला आणि लगेच म्हटलं, यातला तिसरा हिस्सा सोडतो, पण सिनेमाच्या शेवटी नावं येतात त्यात नाव पाहिजे.

इक्बालभाईंनी ब्रश खाली ठेवला. "तू भाव कमी केलास? तुझा डोका तापलाय काय रे?"

मार्टिनला वाटलं, सौदा झाला. तो उठायला लागला. मी त्याला बसवलं. बॅनरच्या धंद्यात बिलिंग नावाचा प्रकार असतो. कोणाचं नाव केवढं, कोणाच्या वर, कोणाच्या खाली. त्यावरून हिरो लोक बॅनर उतरवायला लावतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. मी म्हटलं, नाव ड्रायव्हर आणि जेवणवाल्यांच्या नावापेक्षा लहान नको. घोळक्यात नको, एकट्याचं हवं. तीन सेकंद तरी पडद्यावर थांबायला हवं. मार्टिन आधी हसला. मग त्याने खुर्ची ओढली. दीड तास आम्ही भांडलो. मी दोनदा आवाज चढवला, एकदा निघून जायचं नाटक केलं. शेवटी तो म्हणाला की हिरॉइनच्या एजंटनेसुद्धा त्याला इतकं पिडलं नव्हतं. त्याने सगळं टाइप करून आणलं. मी वाचलं, सही केली, दुकानाचा शिक्का मारला. त्या दिवशी मी फार खुशीत होतो.

मग काम सुरू झालं. मार्टिनने एक कागद दिला. त्यावर त्याने स्वतः बनवलेली चोवीस अक्षरं होती, जगातल्या कुठल्याच लिपीशी न जुळणारी. म्हणाला, यातलं काहीही कसंही भरा, फक्त भाषा वाटली पाहिजे.

आता पेंटरच्या हाताचं असं असतं, की जे बसायला छान तेच हात पुन्हा पुन्हा काढतो. त्या चोवीसातली पाच अक्षरं शेजारी आली की बहार यायची. पहिल्याचा दांडा ताठ वर, शेवटच्याची शेपटी खालून वळून पुन्हा पहिल्यापर्यंत. एका पोस्टरवर मी ते मोठ्ठं वर टाकलं. दुसऱ्यावर खाली. जागा उरली की कोपऱ्यात बारीक. इक्बालभाईंनाही ते आवडलं, त्यांनी तिकिटाच्या खिडकीवर तेच काढलं. मार्टिन बघायला आला आणि हरखला. म्हणाला, शब्द परत परत येतात, म्हणून खरी भाषा वाटते. आम्ही मान डोलावली.

त्या पोस्टरांचे आणि तिकिटाच्या खिडकीचा असे फोटो आता सालिमच्या टेबलावर होते.

सालिमचं म्हणणं साधं होतं. पैसे देऊन कोणी भिंतीवर बिनअर्थाचं लिहून घेत नाही. ही शिवी असेल, दारूची जाहिरात असेल, कोणाला काय माहीत. शिक्क्याखाली सही त्याची असते. बाराही पोस्टरांचा अरबीत अर्थ लिहून आणा, मग बघू.

तो सोमवार होता. गुरुवार-शुक्रवार सुट्टी आणि शनिवारी शूटिंग. म्हणजे हातात बुधवारपर्यंतचा वेळ. मी मार्टिनला फोन लावला. तो म्हणाला, अर्थ नाही हाच तर कन्सेप्ट आहे. मी म्हटलं, कन्सेप्टवर शिक्का पडत नाही. तो म्हणाला, शिक्का नाही मिळाला तर गल्लीचा सीन काढून टाकू, नायकाला तंबूत लपवू. मग गोड आवाजात म्हणाला, "यू मॅनेज, माय फ्रेंड." गल्फमध्ये ज्यांनी काम केलंय त्यांना हे वाक्य ओळखीचं असेल. मी फोनवर असा ओरडलो की शेजारचा घड्याळवाला बघायला आला. पण ओरडून काय होणार? गल्ली गेली तर पोस्टरं गेली, आणि पोस्टरं गेली तर नाव गेलं.

आमच्याकडे दुपारी एक ते चार दुकानं बंद असायची. शटर खाली ओढून, फोटो जमिनीवर पसरून आम्ही दोघं बसलो. चित्रं बघायची आणि सिनेमा बनवायचा. बाई आणि बांगडी दिसते, तर हा 'आईची बांगडी'. चंद्र आणि होडी, तर हा 'चांदण्यातली होडी'. घोडा उधळलाय, तर 'वाळवंटाचा वारा'. इक्बालभाई सुबक अरबीत लिहीत गेले. दोन दुपारी मजेत गेल्या. मध्येच ते म्हणायचे, "या बाईला भाऊ देऊ या काय? एकटी बरी नाय दिसत." आम्ही भाऊ दिला.

बुधवारी सकाळी दोघं सालिमकडे गेलो. तो सगळं मन लावून वाचत होता. मला वाटलं, जमलं. मग त्याने एका फोटोवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"बांगडी," मी म्हटलं.

बोट दुसऱ्या फोटोवर. "आणि हे?"

"होडी."

"आणि हे खिडकीवरचं?"

"तिकीट."

"तिन्ही ठिकाणी तीच पाच अक्षरं आहेत," सालिम म्हणाला. "मी मोजली. एकोणीस ठिकाणी आहेत. तू मला फसवतोयस, सदीक." सदीक म्हणजे मित्र.

इक्बालभाई छताकडे बघायला लागले. पण भाव करायची सवय असलेल्या माणसाचं तोंड डोक्याच्या आधी चालतं. मी म्हटलं, "भाषांतर करणाऱ्याची चूक झाली. ते नाव आहे."

"कोणाचं?"

"हिरोचं."

"बाराही सिनेमांत एकच हिरो?"

"छोटा देश आहे. त्यांच्याकडे एकच आहे."

सालिमने मान हलवली. "आणि खाली बारीक अक्षरांत?"

"तोच प्रोड्यूसर."

"या पोस्टरवर तर फक्त बाई आहे."

"तो डायरेक्टर आहे ना. हिरॉइनचा सिनेमा असला तरी नाव स्वतःचं मोठं."

"आणि तिकिटाची खिडकी?"

"थिएटर त्याचंच आहे."

आता सालिमच्या मिशा हलायला लागल्या होत्या. एका पोस्टरवर मी पिकल्या केसांचा माणूस पुस्तकं घेऊन धावताना काढला होता. सालिमने विचारलं, हा म्हातारा कोण? मी म्हटलं, तोच, साठीला आलाय, पण अजून कॉलेजात जातो. यावर त्याने एकही शंका काढली नाही. हिंदी सिनेमे पाहिलेला माणूस होता.

मग त्याने घोड्याचा फोटो उचलला. घोड्याखाली तीच पाच अक्षरं.

मी म्हटलं, "हिरो मरतो आणि घोडा होऊन—"

इक्बालभाईंनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. सालिमच्या कपाळावर आठी आली होती. त्यांच्या धर्मात पुनर्जन्म नाही; मेलेला माणूस घोडा होऊन परत येतो, हे त्या ऑफिसातून पास होणार नव्हतं.

"नाही नाही," इक्बालभाई म्हणाले. "घोडा म्हणजे घोडाच. मालकाने त्याला आपलं नाव ठेवलं."

"घोड्याला कोणी स्वतःचं नाव ठेवतं का?"

"ज्याने तिकिटाच्या खिडकीला ठेवलं, तो घोड्याला सोडेल?"

सालिम मोठ्याने हसला. शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून आले. त्यांना सालिमने सगळं अरबीत पुन्हा सांगितलं, माझ्यापेक्षा रंगवून. मग मला विचारलं, या माणसाचं नाव तरी काय? मी म्हटलं, बोरझाक. ते कुठून आलं, मला माहीत नाही.

त्याने अटी घातल्या. नवा कागद करा. एकोणीस ठिकाणी बोरझाक लिहा. प्रत्येक सिनेमाची थोडक्यात गोष्ट लिहा. खाली हे सांगणाऱ्याने पूर्ण नावाने सही करायची. इक्बालभाई तिथेच बाकावर बसून लिहायला लागले. मी मार्टिनला फोन केला, म्हटलं येऊन सही कर. तो म्हणाला, मी हे लिहिलेलंच नाही, मी कशी करू? मग मीच केली.

साडेबारा वाजले. ऑफिस अडीचला बंद व्हायचं. सालिम एकेक गोष्ट वाचून शिक्का मारत होता. अकरा झाले. बारावा, 'आईची बांगडी', त्याने हातात धरून ठेवला.

"बांगडी विकल्यावर मुलगा शहरात येतो. पुढे?"

कागदावर गोष्ट तिथेच संपत होती. इक्बालभाईंचा हात दुखला होता. मी सालिमकडे पाहिलं. या माणसाला आता काहीतरी हवं होतं आणि ते फक्त माझ्याकडे होतं. अशी वेळ सौद्यात क्वचित येते. मी म्हटलं, आधी शिक्का, मग शेवट.

"आधी शेवट," सालिम म्हणाला.

"मालाची डिलिव्हरी पेपर झाल्यावर."

"मग शनिवारी ये."

हरलो. शनिवारी सकाळी सात वाजता कॅमेरा लागणार होता. मी शेवट सांगितला. मुलगा शहरात श्रीमंत होतो, बायकोसाठी सोनाराकडे जातो, तर सोनार 'ही तीच' म्हणून एक बांगडी दाखवतो. तो ती घेऊन गावी धावतो. आई आंधळी झालेली. ती बांगडी हाताने चाचपते आणि म्हणते, ही माझी नव्हे, माझ्या बांगडीला चीर होती. मुलगा म्हणतो, मी ती दुरुस्त करून आणली. खरं तर सोनाराने दुसरीच बांगडी गळ्यात मारलेली असते. पण आई हो म्हणते.

सालिमने शाईचं पॅड पुढे ओढलं. मग शिक्का पडला. दोन वाजायला दहा मिनिटं होती.

"घे," बाहेर आल्यावर इक्बालभाई कॉपीवरच्या माझ्या सहीकडे बोट दाखवत म्हणाले, "आला तुझा नाव एकदाचा कागदावर." मी म्हटलं, हा कागद फाइलीत जाणार. मला पडद्यावर पाहिजे.

शूटिंग झालं. बोरझाकची गोष्ट सेटवर पसरली. मार्टिनने तो कागद मागून घेतला, इंग्रजी करून घेतला आणि दिवसभर मिटक्या मारत वाचला. पुढे तिकडच्या एका मासिकात त्याची मुलाखत आली. कोणीतरी मला कात्रण पाठवलं. मार्टिनने एका काल्पनिक देशाचा अख्खा सिनेउद्योग उभा केला, एकच माणूस सगळं बळकावून बसलेला, केवढी तीक्ष्ण कल्पना, वगैरे. मी ते वाचून दोन दिवस धड जेवलो नाही. बायको म्हणाली, शेवटी नाव येणार आहे ना, मग जेवा. तेही खरं होतं. मी जेवलो.

वर्षभराने मार्टिनने कॅसेट पाठवली. दार्सैतच्या आमच्या फ्लॅटमध्ये पंधरा माणसं जमली. इक्बालभाईंनी बिर्याणी आणली. गल्लीचा सीन आला, माझी पोस्टरं झळकली, टाळ्या पडल्या. मुलगी इंग्रजीत ओरडली की हा घोडा पप्पांचा. सिनेमा संपला आणि नावं सुरू झाली. ड्रायव्हर गेले. जेवणवाले गेले. मग पडदा रिकामा झाला आणि मधोमध, एकटं, ड्रायव्हरांपेक्षा चांगलं मोठं, पूर्ण तीन सेकंद एक नाव थांबलं.

अर्बाबचं.

त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं, घराण्याचं आणि शेवटी ट्रेडिंग. दोन ओळी लागल्या होत्या.

 मग इक्बालभाई म्हणाले, "साइज बरोबर दिलाय."

मी मार्टिनला असा फॅक्स लिहिला की दुकानातल्या मुलाने तो पाठवायच्या आधी मला दोनदा विचारलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, अगदी नम्र. सोबत करार जोडलेला. आकार, जागा, सेकंद, सगळी कलमं त्याने पाळली होती, अक्षराची उंची मोजूनसुद्धा घेतली होती. करारात लिहिलं होतं, 'सप्लायरचं नाव'. आणि सप्लायर कोण, ते खाली शिक्क्यात होतं. तो शिक्का मीच मारला होता. दीड तास भांडून नाव केवढं हवं ते ठरवलं आणि कोणाचं हवं ते लिहायचं राहिलं.

एक तारखेला अर्बाब आले. मी रागाच्या भरात त्यांना घरी नेऊन कॅसेट लावून दाखवली. ते टीव्हीजवळ सरकून बघत राहिले. रिवाइंड करायला सांगितलं. पुन्हा पाहिलं. वडिलांचं नाव आलं तिथे त्यांनी बोट लावलं. मग कॅसेट मागितली आणि घेऊन गेले. पुढच्या शुक्रवारी मला आणि इक्बालभाईंना त्यांच्या गावी जेवायला बोलावलं. घरात पन्नासेक माणसं, अख्खा बोकड शिजलेला, आणि टीव्हीवर फक्त ते तीन सेकंद पुन्हा पुन्हा. अर्बाबनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना माझी ओळख करून दिली, की माझ्या सिनेमाच्या कामात या माणसाने फार मदत केली.

त्या जेवणावर माझा राग बराचसा उतरला. जेवण खरंच चांगलं होतं. मार्टिनवरचा मात्र अजून आहे.

धंद्यात नव्या येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. आकार, जागा, सेकंद हे सगळं नंतर ठरवता येतं. आधी नाव कोणाचं ते लिहून घ्यावं, पूर्ण, वडिलांच्या आणि आजोबांच्या नावासकट. अर्बाबचं तसंच लिहिलेलं होतं.